गाद्याचं माप

"टाकलं! अरे, याने खरंच टाकलं!"

आचारी ताट हातात घेऊन उभाच राहिला. गाद्याने काळ्या चहाच्या कपात चमचाभर लोणी सोडलं होतं आणि ते पुरतं वितळायच्या आत तो पहिला घोट घेत होता. वरच्या ओठावर तेलकट रेघ उमटली. ती त्याने जिभेने पुसली आणि समोरच्या तिघांकडे असं पाहिलं, जणू काही घडलंच नाही.

"साखर नाही, दूध नाही, आणि वर लोणी," बटणवाल्या मावशी म्हणाल्या. "गादीभाऊ, हे प्यायचं असतं की दाराच्या बिजागरीला घालायचं?"

"तुम्ही हसा," गाद्या म्हणाला. "पण आधी समजून घ्या. पाव, भात, बटाटा, साखर हे अंगाला आयतं सरपण. ते मिळत राहिलं की अंग साठवणीतल्याला हात लावत नाही. सरपण बंद केलं, की मग झक मारत साठा जाळावा लागतो."

"आणि लोणी?"

"लोण्याने, अंड्याने पोट भरतं. दोन-दोन तासांनी भूक लागत नाही."

"म्हणजे चरबी खाऊन चरबी उतरवायची!" आचाऱ्याने कपाळावर हात मारला. "उद्या म्हणशील, अंग वाळवायला पाण्यात उभं राहा. मास्तर, तुम्ही तरी बोला याला."

मास्तरांनी घास गिळला. "मी काय बोलणार? बावीस वर्षं याच्यासमोर बसून जेवलो. हल्ली तेलाच्या घाण्यावर बसल्यासारखं वाटतं."

सगळे हसले. गाद्याही हसला, आणि मास्तरांना नेमकं तेच खटकलं. चिमटा काढावा आणि समोरच्याने गुदगुल्या झाल्यासारखं हसावं, याला काय अर्थ?

"पंधरा दिवस थांबा," मावशी म्हणाल्या. "माझ्या आतेभावाने केलं होतं हे सगळं. झरझर उतरला आणि महिन्यात दुप्पट झाला. नव्याचे नऊ दिवस!"

गाद्याने आपल्या ताटातले दोन पाव उचलून मास्तरांच्या ताटात ठेवले. "घे उश्या. तुझी चैन आहे आता."

मास्तरांनी ते खाल्ले. नको म्हटलं असतं तर गाद्याला वाटलं असतं की यालाही पटायला लागलं. म्हणून त्यांनी चार पाव खाल्ले, आणि पुढेही रोज चारच खात राहिले.

हे चाललं होतं एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात. वर आरसे, गालिचे आणि हळू आवाजात बोलणारी माणसं. खाली त्या सगळ्यांचे कपडे शिवणारी, दाबणारी आणि बटणं लावणारी खोली. दारवानाच्या कोटापासून स्वयंपाकघरातल्या अ‍ॅप्रनपर्यंत सगळं इथूनच वर जायचं. मास्तर माप घेणार, कापणार, शिवणार. गाद्या वाफेच्या इस्त्रीवर दिवसभर उभा. मावशी खिडकीखाली बटणांच्या डब्यांत बसलेल्या. दोघेही पुरुष अंगाने भरलेले, खोलीत चादरी-अभ्र्यांचेही ढीग. तेव्हा कोणीतरी कधीतरी एकाचं नाव गादी ठेवलं, दुसऱ्याचं उशी. नावं इतकी चिकटली, की वरचा मॅनेजरही घाईत असला की "गादीला पाठवा" म्हणायचा.

गादी मोठी असते आणि उशी लहान. बावीस वर्षं मास्तर या एका गोष्टीच्या आधाराने जगले होते, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. लग्नसमारंभात फोटो काढताना ते हटकून गाद्याच्या शेजारी उभे राहायचे. बायको वजनावरून बोलली, की म्हणायचे, "माझं काय घेऊन बसलीस, गाद्याला बघ." आणि बायकोलाही ते पटायचं. गाद्या होता म्हणून मास्तर बारीक होते. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. असं काही सांगतं का कोणी?

दर शनिवारी दुपारी काम आवरलं, की गाद्या कपाटापाशी येऊन उभा राहायचा. "घे रे माप." त्याचा वजनकाट्यावर विश्वास नव्हता. काटा सकाळी एक सांगतो, संध्याकाळी दुसरं. उश्याची टेप मात्र खोटं बोलत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. मास्तर कमरेचं माप घेऊन खडूने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आकडा लिहायचे.

मापाचंही एक शास्त्र असतं. गणवेशासाठी माप घेताना टेपच्या आत दोन बोटं घालायची, म्हणजे कपडा इंचभर सैल बसतो आणि माणूस वाकला तरी शिवण टिकते. अंगाचं खरं माप हवं असेल, तर बोटं बाहेर. शिवाय टेप कमरेला लागली रे लागली की माणूस पोट आत ओढतो. राजा असो की हमाल, याला अपवाद नाही. मास्तरांकडे त्यावर तोड होती. ते टेप धरून सहज विचारायचे, "जेवलात का?" माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो, श्वास सुटतो आणि पोट आपल्या जागी येतं. तेवढ्यात आकडा वाचायचा.

गाद्याला हे कधी विचारावं लागलं नव्हतं. तो दोन्ही हात वर करायचा आणि पोट होतं तसं सोडून द्यायचा. "तुझ्यापुढे कसली लाज?" म्हणायचा.

पहिला आकडा सेहेचाळीस होता. मग साडेपंचेचाळीस. मग पंचेचाळीस. आचारी रोज येऊन चिडवायचा, मावशी नाक मुरडायच्या, आणि मास्तर त्या दोघांना मनापासून साथ द्यायचे. पण खडूचे आकडे एकाखाली एक उतरतच गेले. तिसऱ्या महिन्यात मास्तरांनी त्याची कामाची पँट मागच्या शिवणीतून दोन इंच आत घेतली. "बघ, बघ!" गाद्या ती घालून खोलीभर फिरला. मावशींनी बटणं खाली ठेवली आणि म्हणाल्या, "खरंच हो! चेहरासुद्धा उजळला."

झालं, वारं फिरलं. वरच्या स्वागतकक्षातल्या मुली जिना उतरून गाद्याला विचारायला येऊ लागल्या. दही चालतं का, बदाम किती खायचे, फळं का नाही? गाद्या वाफेच्या ढगात उभा राहून एखाद्या महाराजासारखी उत्तरं द्यायचा. कपाळावर हात मारणारा आचारीच आता त्याच्यासाठी दोन अंडी जास्त, वर चीजचा तुकडा, असं वेगळं ताट लावू लागला. "आपला माणूस आहे," म्हणायचा. परवापर्यंत तेलाचा घाणा होता, आज आपला माणूस!

मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. खरोखर दुखायला लागलं. त्यांना वाटलं, पावांनी असेल.

घरीही सुटका नव्हती. बायको बाजारात गाद्याला भेटली होती. "मी तर ओळखलंच नाही भाऊजींना. दहा वर्षांनी लहान दिसतात. तुम्ही विचारा ना, ते कसं करतात ते."

"मला माहीत आहे कसं करतात. समोर बसून बघतो रोज."

"मग नुसतं बघत काय बसता?"

त्या संध्याकाळी मास्तरांनी दार लावून स्वतःला टेप लावली. बोटं न घालता, श्वास सोडून. त्रेचाळीस. वर्षानुवर्षं ते बेचाळीस होते. गाद्याचे पाव त्यांच्याच अंगी लागले होते.

आणि पुढच्या शनिवारी ते घडलं. गाद्याने हात वर केले. मास्तरांनी टेप मागून पुढे आणली, आकडा पाहिला. साडेबेचाळीस. उशी मोठी, गादी लहान. मावशी मागून विचारत होत्या, "किती झालं हो, मास्तर?" आचारी दारात उभा. दोघांचे डोळे गाद्यावर खिळलेले, आणि गाद्याच्या तोंडावर लहान पोरासारखं हसू.

मास्तरांची तीन बोटं टेपच्या आत गेली. कशी गेली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बावीस वर्षांची सवय, दोन बोटं तर आपसूक जातात. तिसरं मात्र त्यांनी जाणूनबुजून घातलं.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले.

"गेल्या खेपेला त्रेचाळीस होतं की," गाद्या म्हणाला.

"मी काय करू? टेप सांगते ते सांगतो."

गाद्याचं हसू तिथल्या तिथे मावळलं. ते पाहून मास्तरांना बरं वाटलं. अगदी चार महिन्यांनी, थंडगार, बरं वाटलं.

एकदा वाट सापडली की पाय आपोआप चालतात. गाद्याची कामाची पँट खोलीतच खुंटीला असायची. दुसऱ्यांच्या कपड्यांना सुरीसारखी धार देणारा हा माणूस स्वतःची पँट मात्र चुरगळलेलीच घालायचा, दिव्याखाली अंधार. मास्तर सकाळी त्याच्या आधी यायचे. एके दिवशी त्यांनी ती पँट यंत्राखाली धरली आणि मागची शिवण अर्धा इंच आत घेतली. आठवड्याने आणखी अर्धा. गाद्या बटण लावताना लाल व्हायचा.

"वाढतंय रे," तो हळू आवाजात म्हणायचा. "काहीच तर खात नाही मी. चीजसुद्धा सोडलं."

"अंगाचंच तसं असेल," मास्तर म्हणायचे. "आपली हाडंच रुंद."

आचाऱ्याला पुन्हा कंठ फुटला. "सांगितलं होतं ना! चरबीने चरबी जात असती, तर बोका एव्हाना उंदराएवढा झाला असता." मावशींना आतेभाऊ आठवला. स्वागतकक्षातल्या मुली यायच्या बंद झाल्या. चार शनिवार मास्तरांची तीन बोटं टेपच्या आत जात राहिली, दर खेपेला टेप थोडी आणखी सैल, आणि दारावरचे आकडे चढत राहिले.

पाचव्या आठवड्यात, बुधवारी, गाद्याने ताटातले पाव मास्तरांकडे सरकवले नाहीत. एक उचलला, मधोमध मोडला आणि आमटी नसतानाच, कोरडाच, तोंडात घातला. हळूहळू चावत म्हणाला, "जाऊ दे. आपल्या नशिबात नाही ते."

"शहाणा झालास," मास्तर म्हणाले. त्यांनी आपल्या ताटातला बटाटाही त्याला वाढला. किती दिवसांनी दोघं एकच जेवण जेवत होते! गाद्या परत आला होता. जेवण झालं आणि गाद्या टेबलाला दोन्ही हात टेकून, दात आवळून, दोन हप्त्यांत उठला. मास्तरांनी ते पाहिलं, पण त्यांना वाटलं, पोट भरलंय.

दुपारी गाद्या धोबीखान्यात गेला होता, तेव्हा मावशींनी दोरा तोडता तोडता विषय काढला.

"वाईट वाटतं हो. सोमवारी आहे ना त्यांचं?"

"कशाचं?"

"डॉक्टरांचं. हॉटेलच्या." मावशींनी मान वर केली. "गुडघे गेलेत ना गादीभाऊंचे. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत वजन उतरवा, नाहीतर उभं काम बंद. मागच्या फाटकावर बसवणार आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घ्यायला. मला गेल्याच आठवड्यात कळलं, डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या म्हणून. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"मला वाटलं, तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं असेल."

आधी मास्तरांना कशाचं वाईट वाटलं असेल, तर याचं, की गाद्याने मावशींना सांगितलं आणि आपल्याला नाही. मत्सराची खोड अशी जात नाही. मग हळूहळू बाकीचं आत उतरलं. त्यांनी समोर इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. जिथे गाद्या उभा राहायचा तिथली फरशी बावीस वर्षांत गुळगुळीत होऊन किंचित खोलगट झाली होती. उद्या तिथे दुसरं कोणी उभं राहील, आणि गाद्या फाटकावर लोखंडी खुर्चीत बसून वही पुढे करेल. आपल्याला जो गाद्या हवा होता, त्यालाच आपण या खोलीतून काढायला निघालो होतो.

गुरुवारी सकाळी ते रोजच्यापेक्षा तासभर आधी आले. पँट उलटी करून चोरून घातलेल्या दोन्ही शिवणी उसवल्या आणि गाद्याला सांगून घातलेली मूळची शिवण पक्की केली. पण करड्या जाड कापडावर सुईची भोकं तशीच राहिली, मुंग्यांच्या रांगांसारखी. वाफ दिली असती तर मिटली असती. इस्त्री अजून थंड होती, आणि ती तापवायला लागणारी किल्ली गाद्याच्या खिशात असायची. उलट्या बाजूला कोण बघतंय, असं म्हणून मास्तरांनी पँट खुंटीला लावली.

गाद्याने ती घातली आणि थबकला. "सैल झाली रे!"

"मग! मी म्हटलं नव्हतं? अंग वर-खाली होतं. सोडू नकोस तू. सोमवार— म्हणजे, धरून ठेव."

गाद्याने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पण दुपारी त्याने पाव पुन्हा मास्तरांच्या ताटात सरकवले. मास्तरांनी ते परत आचाऱ्याकडे पाठवले.

शनिवारी काम लवकर संपलं. मावशी गेल्या. मास्तर कात्र्या पुसून ठेवत होते. सोमवारी डॉक्टरांपुढे आणि मॅनेजरपुढे नीटनेटकं उभं राहायचं, म्हणून गाद्या बावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पँटला इस्त्री करत होता. वाफेचा फुत्कार होत राहिला आणि मग थांबला. बराच वेळ थांबला.

"उश्या, इकडे ये जरा."

पँट टेबलावर उलटी पसरली होती. मुरलेला इस्त्रीवाला आधी उलटीकडून शिवण दाबतो, हे मास्तरांना माहीत नसायला काय झालं होतं? पण ऐन वेळी सुचलं नव्हतं. गाद्याने दिवा खाली ओढून कापडाजवळ आणला.

"ही दोऱ्याची शिवण. दोन इंच आत. मला सांगून घातलीस," त्याचं जाड बोट कापडावरून सरकलं. "आणि या दोन कोणाच्या?"

"जुन्या असतील. चुकून—"

"तुझा हात चुकत नाही. शिवण संपली की तीन टाके उलटे मारतोस तू. दुसरं कोणी मारत नाही. बावीस वर्षं दाबतोय मी ते टाके." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. "परत उसवलंस कधी?"

"परवा. मावशींनी सांगितलं, गुडघ्याचं."

"म्हणजे गुडघे धड असते, तर उसवलं नसतंस."

मास्तरांनी भोकांच्या रांगेवरून बोट फिरवलं.

"आणि टेप?"

"तीन बोटं."

"किती वेळा?"

"चार शनिवार."

गाद्या कपाटाकडे गेला, दार उघडलं आणि आकड्यांची ती उतरती, मग चढती रांग पाहत उभा राहिला. हळूहळू म्हणाला, "लोकांचं मला काही वाटत नव्हतं रे. आचारी हसला, मावशी हसल्या, मी म्हटलं हसू देत. शनिवारी उश्याची टेप आहे ना आपल्याकडे, असं म्हणायचो मी. तुला गुडघ्याचं सांगितलं नाही, कारण तू मग मला उभा राहू दिला नसतास. माझ्या टेबलावर येऊन तूच इस्त्री केली असतीस. तसा आहेस तू, असं वाटायचं मला."

"मला बघवलं नाही," मास्तर म्हणाले. "तू मोठा होतास तोवर मी बारीक होतो. तू उतरलास आणि सगळे तुझ्याकडे बघायला लागले. माझी बायकोसुद्धा. मी जळलो रे. नुसता जळलो."

गाद्याने मान डोलावली, जशी एखाद्या परक्याचा पत्ता समजल्यावर डोलावतात तशी. शिव्या घातल्या नाहीत. त्याने फडकं ओलं केलं आणि दारावरचे सगळे आकडे, खरे आणि खोटे, पुसून टाकले.

मग तो नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला.

"सोमवारी जायचंय. खरं माप काय ते मला कळलं पाहिजे. घे."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. त्यांनी दहाही बोटं बाहेर आहेत, हे गाद्याला दिसेल अशी धरली. गाद्याने दोन्ही हात वर केले. टेप मागून पुढे आली, दोन्ही टोकं बेंबीपाशी भेटली, आणि मास्तरांच्या हाताखाली गाद्याचं पोट आत गेलं.

त्याने श्वास ओढून धरला होता.

आजवर ज्या शेकडो माणसांची मापं मास्तरांनी घेतली होती, ती सगळी असंच करायची. मास्तर थांबले. टेप सैल पडत होती, आकडा जागेवर येत नव्हता. त्यांनी वर पाहिलं. गाद्या त्यांच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहत होता, एखाद्या गिऱ्हाइकासारखा.

"जेवलास का?" मास्तरांनी विचारलं.

गाद्याने नुसती मान हलवली.